जुनी परफॉर्मन्स गाडी: स्टॉक घ्यावी की मॉडिफाय केलेली?

अश्वशक्ती (धागाकर्ता)

जुनी वेगवान गाडी घ्यायची म्हटली की चारचौघांचा सल्ला ठरलेला असतो: "मॉडिफाय केलेलीच्या वाटेला जाऊ नकोस, स्टॉक (कंपनीतून निघाली तशी) बघ." कारण विचारलं तर "नको ती भानगड" याच्या पुढे कोणी जात नाही. माझं मत उलट आहे. खोडायचं असेल तर मुद्द्यांनी खोडा, त्यासाठीच हा धागा.

मी सातव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय शोधतोय. दोन लिटर टर्बो इंजिन, कंपनीतून निघताना २२० अश्वशक्ती. दोन तऱ्हेच्या गाड्या समोर येतात. एक मूळ अवस्थेतली. दुसरीत रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल), मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी), चांगले ब्रेक पॅड, हलकी चाकं असं सगळं करून झालेलं, आणि तरी मागणी जवळपास पहिलीएवढीच.

मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा गाडी विकताना परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पार्ट, मजुरी, ट्यूनरची (रीमॅप करणाऱ्याची) फी, यातलं बरंचसं पहिल्या मालकाच्या खिशातून गेलेलं असतं. ज्याला पुढे हेच सगळं करायचं आहे त्याने स्टॉक घेऊन तो खर्च नव्याने का करावा? शिवाय या वयाच्या स्टॉक गाडीचे शॉक अब्सॉर्बर आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) थकलेले असतातच. ते बदलावे लागणारच. दुसऱ्या गाडीत ते बदललेत, तेही वरच्या दर्जाचे.

राहिलं "दुसऱ्याने पिळलेली असेल" हे. जीटीआय स्टॉक ठेवणारे सगळे तिला जपून चालवतात असं कोणी सांगितलं?

नटबोल्ट

हे काम करूनच पोट भरतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पार्ट स्वस्तात पडतात, मान्य. पण ते कोणी, कुठल्या क्रमाने आणि कशावर बसवले हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. खर्च तिथेच दडलेला असतो.

तुमचीच जीटीआय घेऊ. इंजिन स्टॉक असतानाच ३५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तिच्या सहा गिअरच्या डीएसजीची (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२५० ची, कागदावरची क्षमता त्याहून फार जास्त नाही. साध्या स्टेज वन रीमॅपने इंजिन ४०० च्या पुढे जातं. मग गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्येही क्लचचा दाब वाढवून घेतला होता का? हा प्रश्न विकणाऱ्याला विचारा आणि त्याचा चेहरा बघा. नसेल वाढवला तर क्लच दर वेळी थोडे थोडे घसरून झिजत आलेले असतात. मॅन्युअल असेल तर विषय आणखी सरळ आहे, वाढलेल्या टॉर्कपुढे मूळ क्लच लवकर हात टेकतो. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच गेला म्हणून समजा.

इंजिनला ताकद द्यायची आणि मागचं सगळं तसंच ठेवायचं, असा माल माझ्याकडे सारखा येतो. मालकाचं म्हणणं एकच असतं, "फक्त रीमॅप आहे हो."

आणि एक. मॉडिफाय केलेली गाडी मनासारखी जमून आली की माणूस ती सहसा सोडत नाही. अर्धवट टप्प्यावर आलेली गाडी विकायला निघते.

मूळचीच_बरी

+१. शिवाय पुढच्या विक्रीचं काय? होंडा एस२००० बघा. १९९९ ते २००९ एवढाच काळ बनली, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं दोन लिटरचं इंजिन. जिला हात लागलेला नाही अशी एस२००० आज लोक जास्त पैसे मोजून घेतात, कारण बाकीच्या बहुतेकींना कोणी ना कोणी काहीतरी करून ठेवलंय. होंडाच्याच इंटेग्रा टाइप आरचंही तसंच. आज स्टॉक राखलेली गाडी उद्या दुर्मिळ होते.

अश्वशक्ती

@मूळचीच_बरी, उदाहरणं चुकीच्या जातीची आहेत. एस२००० मोजक्या संख्येत बनली. गोल्फ जीटीआय मोठ्या संख्येने बनली. मला गाडी चालवायची आहे, कापड टाकून झाकून ठेवायची नाही.

@नटबोल्ट, गिअरबॉक्सचा मुद्दा पटला. पण तो वाईट रीमॅपविरुद्धचा मुद्दा झाला, मॉडिफाय केलेल्या प्रत्येक गाडीविरुद्धचा नाही. काही इंजिनं मुळातच हातचं राखून बनवलेली असतात. टोयोटाचं टूजेझेड घ्या. ओतीव लोखंडी ब्लॉक, आणि मूळ ताकदीच्या दुपटीपर्यंत आतल्या भागांना हात न लावता लोक जातात.

नटबोल्ट

टूजेझेड! येणारच होतं. या विषयावर कुठेही बोला, तिसऱ्या वाक्याला टूजेझेड हजर. प्रत्येक इंजिन टूजेझेड असतं तर माझं दुकान बंद झालं असतं.

नवखा_चालक

वाचतोय. एक बाळबोध शंका. स्टेज वन, टू, थ्री हे कोण ठरवतं? काही मानक आहे का?

नटबोल्ट

मानक नाही. प्रत्येक ट्यूनर आपापलं ठरवतो. ढोबळमानाने वन म्हणजे मूळ पार्टवर फक्त सॉफ्टवेअर. टू म्हणजे त्यात डाउनपाइप (टर्बोमागचा एग्झॉस्टचा पाइप), इंटेक (हवा आत घेणारा मार्ग) किंवा इंटरकूलर बदलून त्याला साजेसं सॉफ्टवेअर. थ्री म्हणजे टर्बोच मोठा. म्हणून "स्टेज टू आहे" हे उत्तर अपुरं. कोणाचं स्टेज टू, कुठल्या इंधनासाठी बनवलेलं, हे विचारायचं. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेला मॅप आणि टाकीत साधं पेट्रोल असेल तर इंजिन नॉकिंग करतं, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी, झटक्याने पेटतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन सांभाळून घेतं, पण ते एका मर्यादेपर्यंतच.

डावा_पाय_ब्रेकवर

सगळे ताकदीवरच अडकलेत. मी ट्रॅकवर जाते, तिथून थोडं वेगळं दिसतं.

मॉडिफिकेशन या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, गाडीला उष्णता आणि ताण झेलायला मदत करणारी: जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड, ताजं ब्रेक फ्लुइड, ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर, बरे टायर. दुसरी, गाडीकडून जास्त काम काढणारी: रीमॅप, मोठा टर्बो. पहिल्या गटातलं काम झालेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण स्टॉकच्या आधी बघायला जाईन.

सस्पेन्शन या दोन्हींच्या मध्ये लोंबकळतं. मूळ शॉकवर नुसत्या ठेंगण्या स्प्रिंगा टाकलेली गाडी मी घेणार नाही. शॉकचा प्रवास कमी होतो आणि तो लवकर मरतो. गाडी खाली बसवली की चाकाची भूमिती बिघडते. अलाइनमेंट नीट केलं नसेल तर टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून टायर छान दिसतो, म्हणून वाकून आतून हात फिरवा.

मूळचीच_बरी

ट्रॅकवर चालवलेली गाडी मी फुकट दिली तरी घेणार नाही.

डावा_पाय_ब्रेकवर

नका घेऊ. पण दर वेळी ऑइल बदललेली, तापमानावर लक्ष ठेवलेली, प्रत्येक नट टॉर्क रेंचने आवळलेली गाडी एकीकडे, आणि थंड इंजिनवरच रेडलाइनला नेऊन घरासमोर सिग्नलच्या शर्यती खेळलेली "स्टॉक" गाडी दुसरीकडे. कोणत्या इंजिनात जास्त आयुष्य उरलंय, हे तुम्हीच सांगा.

लॉगबुक

उशिरा आलो. इथे सगळ्यांनी एक गृहीत धरलंय, की समोरची स्टॉक गाडी खरोखर स्टॉक आहे.

मॉडिफाय केलेली गाडी विकायला अवघड जाते. म्हणून बरेच जण विक्रीआधी पार्ट काढून वेगळे विकतात, मूळ पार्ट परत बसवतात, ईसीयूत कंपनीची फाइल टाकतात आणि जाहिरात देतात: "पूर्ण स्टॉक, एका हातची." दोन-तीन वर्षं वाढीव बूस्टवर (टर्बोच्या हवेच्या दाबावर) फिरलेलं इंजिन तेच असतं, फक्त पुरावा गेलेला असतो. माझ्या मते सगळ्यांत धोकादायक गाडी हीच. मॉडिफाय केलेली निदान तोंडावर सांगते की माझ्यावर काय झालंय.

ओळखायचं कसं? टर्बो आणि डाउनपाइपच्या बोल्टची डोकी बघा, पाना फिरल्याच्या खुणा असतात. बाकी एग्झॉस्ट जुनं आणि एखादंच गॅस्केट नवं कोरं, हे का? बूस्ट गेजसाठी व्हॅक्यूमच्या नळीत घातलेला टी (तीन तोंडांचा जोड) काढून टाकला असेल तर नळीचा तुकडा जोडलेला सापडतो. पुढच्या काचेशेजारच्या खांबावर गेज लावल्याची दोन बारीक भोकं. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) रबरी बुचातून गेलेली आणि मध्येच तोडलेली वायर. फोक्सवॅगन गटातल्या गाडीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला रीमॅप सापडला असेल तर त्यांच्या नोंदीत टीडी१ असा शेरा पडतो, तो विचारून घ्या. ईसीयूत किती वेळा फाइल लिहिली गेली याचा आकडाही काही गाड्यांत वाचता येतो. अर्थात तो अधिकृत अपडेटनेही वाढतो, एकट्यावर विसंबू नका.

ओबीडी (गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर) लावल्यावर "फॉल्ट नाही" एवढ्याने खूष होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद) अपूर्ण दिसत असतील तर बहुधा कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. का पुसले?

नटबोल्ट

@लॉगबुक, नव्वद टक्के सहमत. अशा "परत स्टॉक केलेल्या" गाड्या भरपूर आहेत. पण यातून मॉडिफाय केलेलीच घ्या असं कसं निघतं?

स्टॉक गाडीत काही बिघडलं तर माझ्याकडे मूळ माप असतं. या आरपीएमला बूस्ट किती हवा, इंधनाचा दाब किती, कुठला पार्ट नंबर, सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये. मॉडिफाय केलेल्या गाडीत हे माप कोणाकडे असतं? ज्याने ट्यून केली त्याच्याकडे, आणि तो फोन उचलेल तेव्हा. दुसऱ्या कोणाच्या मॅपमधली चूक शोधणं मेकॅनिकला सगळ्यांत नकोसं काम. त्यासाठी लागणारे तास बिलात येतात आणि मग मेकॅनिक लुबाडतो असं म्हणायला तुम्ही मोकळे.

निरुपद्रवी वाटणाऱ्या बदलाचा एक किस्सा देतो, सुबारूवाल्यांना पाठ असेल. सुबारू एसटीआय या वेगवान मॉडेलचं अडीच लिटरचं ईजे२५७ इंजिन. मालक फक्त एअर इंटेक बदलतो, आवाज छान येतो म्हणून. नव्या पाइपचा व्यास वेगळा असला की हवा मोजणाऱ्या सेन्सरचं गणित चुकतं. हवा जास्त आत जाते, सेन्सर कमी सांगतो, पेट्रोल कमी पडतं. बूस्टमध्ये मिश्रण सडपातळ, मग नॉकिंग, आणि त्या इंजिनाच्या ओतीव पिस्टनमधल्या रिंगांच्या मधली कड तडकते. सगळं एका "बोल्ट-ऑन" पाइपमुळे, कारण मॅप जुळवून घेतला नाही.

नवखा_चालक

बापरे. मग बघायला जाताना सोबत काय न्यायचं?

लॉगबुक

स्वतःचा मेकॅनिक. विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे.

गाडी थंड असतानाच सुरू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरातला दाब मोजणारी) मात्र गरम इंजिनवर करा. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा. जमलं तर लीक-डाउनही करा, कॉम्प्रेशन ठीक दिसूनही आतली गळती तिथे उघडी पडते. मॉडिफाय केलेली असेल तर फुल थ्रॉटलचा एक लॉग मागा: बूस्ट, इग्निशन टायमिंग, नॉक करेक्शन, एअर-फ्युएल रेशो (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण). मोठ्या बूस्टवर रेशो १४.७ च्या आसपास राहत असेल तर गाडी तिथेच सोडून घरी जा. जुन्या तऱ्हेच्या टर्बो पेट्रोलमध्ये तो साधारण ११ ते १२ मध्ये अपेक्षित असतो, नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या थोड्या वर चालतात.

मूळचीच_बरी

विम्याबद्दल कोणीच बोललं नाही. बदल विमा कंपनीला कळवले नसतील तर दावा अडकू शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढलेला डाउनपाइप असेल तर प्रदूषण चाचणीचं लफडं वेगळंच. पहिल्या मालकाने निभावून नेलं म्हणजे तुम्हालाही जमेल असं नाही.

अश्वशक्ती

हा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. डाउनपाइप बदललेल्या गाड्या यादीतून काढल्या.

बाकी मत तेच आहे. मी बघणार मॉडिफाय केलेल्याच, पण ज्यांचे मूळ पार्ट मालकाने खोक्यात भरून ठेवलेत आणि ते गाडीसोबत मिळणार आहेत त्याच. मूळ एअरबॉक्स, मूळ इंटरकूलर, मूळ स्प्रिंगा. ज्याने हे जपून ठेवलं त्याने बिलंही जपली असतील असा माझा अंदाज आहे. सध्या अशी एक समोर आहे. मॅन्युअल, स्टेज वन, रीमॅपसोबतच क्लच बदलल्याचं बिल आहे.

मूळचीच_बरी

खोकं मिळणार असेल तर तिला स्टॉक करून टाका आणि माझ्याकडे विकायला या.

नटबोल्ट

क्लचचं बिल रीमॅपच्या तारखेच्या आसपासचं असेल तर मी विरोध मागे घेतो, निदान या गाडीपुरता. पैसे देण्याआधी एक गोष्ट मात्र विचारा. रीमॅप हातात धरायच्या उपकरणाने केला असेल तर ते उपकरण त्या एका ईसीयूला बांधलेलं असतं. मालकाने ते स्वतःकडे ठेवलं किंवा दुसऱ्याला विकलं, तर मूळ फाइल परत टाकायला तुम्ही अडकता. काही ट्यूनर आपली फाइल लॉकही करतात, मग दुसरा कोणी ती वाचू शकत नाही. उपकरण गाडीसोबत येणार का आणि ट्यूनर नव्या मालकाच्या नावावर फाइल चालू ठेवणार का, ही दोन्ही उत्तरं व्यवहाराच्या आधी लेखी घ्या.