लॅपटॉप घेताना रॅम विचारता, मग स्क्रीन का नाही?

शिरोरेषा, रत्नागिरी
बारावीचा निकाल लागला की घरोघरी "कुठला लॅपटॉप घेऊ?" सुरू होतं. उत्तरं ठरलेली: १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, आय फाइव्ह. स्क्रीनबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझं मत विचाराल तर, ज्याला दिवसभर मराठी वाचायचं-लिहायचं आहे त्याने प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण १५.६ इंची फुल एचडीवर (१९२०×१०८० पिक्सेल, म्हणजे स्क्रीनचे ठिपके) पैसे घालू नयेत.

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. ११ पॉइंटचा मजकूर १०० टक्के स्केलिंगवर (विंडोजची सगळं लहान-मोठं दाखवायची सेटिंग) ठेवला की विंडोज त्याला उंचीला जेमतेम १५ पिक्सेल देतं. त्यात 'मूर्तींना' बसवून बघा. 'ती'वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघंही एकाच ठिकाणी दाटीवाटीने. त्याच्या अलीकडच्या 'मू'खाली उकार, तो ऱ्हस्व की दीर्घ हे शेपटीच्या एका पिक्सेलवर ठरणार. रफार आणि अनुस्वार मिळून एकच काळा डाग दिसतो. अनुस्वार आहे की राहिलाय, हेच ओळखायचे तर मला पैसे मिळतात! १४ इंची २८८०×१८०० वर, २०० टक्के स्केलिंगला तेच अक्षर ३० पिक्सेलांत बसतं, म्हणजे चौपट ठिपके. मग डाग सुटतो.

ओटीकर, दापोली
ताई, तुम्ही खोलीत पडदे लावून बसत असाल. आम्ही ओटीवर बसतो, कारण घरात रेंज नाही. समोर अंगण, त्यावर मार्चचं ऊन. तिथे २५० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन लावा आणि मग सांगा पिक्सेल किती दिसतात ते. स्वस्तातल्या बहुतेक लॅपटॉपना २५० च असतात. त्यात तुमची ती २८८०×१८०० ची स्क्रीन चकचकीत ओलेड (जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो ती) असेल तर मजकुराआधी माडाच्या झावळ्या दिसणार आणि मधोमध स्वतःचं तोंड. मला विचाराल तर आधी ४०० निट्स आणि मॅट, बाकी सगळं मागाहून.

दुसरं म्हणजे बॅटरी. जास्त पिक्सेलची स्क्रीन त्याच उजेडाला जास्त वीज खाते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती. एवढं नेहमी होत नाही, पण पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की दुपारपर्यंत वायरमनची वाट बघायची, हे दरवर्षीचं आहे. तेव्हा 'मूर्तींना'चा रफार बघू, की मशीन चालू राहतंय ते बघू?

टेक चिपळूणकर
दोघेही खर्चाच्याच वाटा दाखवताय. आधी आहे त्यात सुधारणा करा की. विंडोजमध्ये अक्षरं रेखीव करणारी क्लिअरटाइप नावाची सोय आहे. स्टार्टमध्ये क्लिअरटाइप टाइप करा, पाच पानं येतील, त्यात जो नमुना स्पष्ट वाटेल तो निवडत जा. स्केलिंग १२५ करा. फॉन्ट बदला: र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला मंगल चांगलाच आहे, पण विंडोज ८ पासून निर्मला आला, नाहीतर मुक्ता फुकट मिळतो. जुनं डीटीपीचं (छपाईची पानं जुळवायचं) सॉफ्टवेअर स्केलिंगमध्ये धूसर दिसतं, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआयची सेटिंग बदला. एवढं केलं की निम्म्या तक्रारी मिटतात, आणि खर्च शून्य.

शिरोरेषा, रत्नागिरी
हे सगळं करून झालंय, चिपळूणकर. मुळात क्लिअरटाइप देवनागरीसाठी लंगडा आहे. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या शेजारी-शेजारी असतात. क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या वापरून आडवी बारकाई वाढवतो. इंग्रजीतल्या उभ्या दांड्यांना ते लागू पडतं. आपली गर्दी असते वर-खाली: शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार आणि ट्रचा रकार. त्या दिशेला क्लिअरटाइप जादा काहीच देत नाही. आणि वर्डने तर २०१३ च्या आवृत्तीपासून क्लिअरटाइप वापरणंच सोडलंय, तिथे नुसती करड्या छटांची मलमपट्टी. तुमची ती पाच पानं कितीही वेळा भरा, वर्डमध्ये फरक शून्य. फॉन्टचं म्हणणं मान्य, पण १५ पिक्सेलांत फॉन्ट तरी काय करणार?

हापूसवाली, देवगड
मध्येच तोंड घालते. अक्षरांचं तुमचं चालू द्या, पण रंगाचं कोणीच बोलेना. पेटीचे फोटो मी लॅपटॉपवर नीट करते. स्पेसिफिकेशनमध्ये बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं, ते आधी बघा. एनटीएससी काय, एसआरजीबी काय, स्क्रीन किती रंग दाखवू शकते त्याची ही मापं. अशा स्क्रीनवर पिकलेला हापूस अर्धवट पिकल्यासारखा फिका दिसतो. म्हणून आपण रंग चढवायचा, आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर तो भगवा होऊन पोचायचा. मग फोन येतो, "कार्बाइड मारलंय का हो?" १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल तरच घ्या.

कुडाळचो झिलगो
माजा दुकान हा, म्हणान सांगतंय. गिऱ्हाईक चाळीस हजार खिशात घालून येता आणि पयलो प्रश्न, "गेम चलतली मा?" स्क्रीन कोण इचारणत नाय. तुमी सांगतास ती ओलेड ह्या पैशात येवची नाय. माजा ऐका, साधो लॅपटॉप घेया आणि घराक २४ इंची मॉनिटर लावा. डोळ्यांकय आराम, मानेकय आराम.

टेक चिपळूणकर
झिलग्या, मानेचं बरोबर, अक्षरांचं नाही. १५.६ इंची फुल एचडीत इंचाला १४१ पिक्सेल असतात. तेवढेच पिक्सेल २४ इंचांवर पसरले की ९२ उरतात. मॉनिटर लांब ठेवतो म्हणून थोडं भागतं, पण पुरतं नाही. चांगली नजर साधारण एक कला (आर्क-मिनिट), म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखते. ५० सेंटिमीटरवरून त्याचे इंचाला १७५ पिक्सेल होतात, ७० वरून १२५. म्हणजे लॅपटॉपची फुल एचडी कमी पडते, आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर त्याहून कमी. एवढ्यापुरतं शिरोरेषाताईंचं गणित बरोबर आहे. मात्र चाळिशीच्या पुढे चष्म्याचा नंबर जुना असेल तर ताईंच्या १४ इंची २८८०×१८०० चे इंचाला २४३ पिक्सेलही वायाच. स्क्रीनआधी डोळे तपासा, स्वस्तात पडेल.

ओलेडबद्दल एक राहिलं. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करताना सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. डोळ्यांना कळत नाही, पण काहींचं डोकं धरतं. मंद उजेडात रात्री काम करणाऱ्यांनी दुकानात उजेड कमी करून, फोनच्या कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवून बघावं. काळे पट्टे सरकताना दिसले तर समजा.

शिरोरेषा, रत्नागिरी
ओलेडच हवी असं मी म्हटलेलं नाही, दाट पिक्सेल हवेत म्हटलंय. १६ इंची २५६०×१६०० आयपीएस (ओलेड नसलेली, एलसीडीचाच एक प्रकार) मॅटमध्येही मिळते, इंचाला १८९ पिक्सेल. १५० टक्क्यांवर ठेवली की मला पुरते. ओटीकरांनाही चालावी.

ओटीकर, दापोली
४०० निट्सची असेल तर.

शिरोरेषा, रत्नागिरी
त्याच लॅपटॉपच्या दोन वेगळ्या स्क्रीन असतात, एक ३०० ची, एक ४०० ची. नाव तेच, मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी. दुकानदाराला पूर्ण नंबर विचारायचा. आणि डेमोला कंपनीचा समुद्राचा व्हिडिओ बघत बसायचं नाही. पेन ड्राइव्हवर आपली मराठी फाइल न्यायची, ११ पॉइंटची.

कुडाळचो झिलगो
पेन ड्राइव्ह लावूक दितंय, पण वायरस असलो तर भरून घेतलंय. आणि ३०० ची कोणची, ४०० ची कोणची, ता आमकाय खोक्यार बघल्याशिवाय कळणा नाय. ओटीकरानू, किती पर्यंत जातलास ता सांगा, सावंतवाडीच्या डीलराक इचारतंय.

ओटीकर, दापोली
साठ. बॅटरी ७० वॉट-अवरच्या वर हवी.