जर्मनीतील क्लबाचे सभासदत्व: थोडी भर

ठाण्याहून नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्या आपल्या भाच्याला तिथल्या फुटबॉल क्लबात खेळता येईल का, हा प्रश्न वाचला. तीन वर्षे तिथे राहिलो असल्याने थोडी भर घालतो.

नेरूळ-वाशीला जसे टर्फ तासाच्या भाड्याने घेऊन खेळतात, तसा हा प्रकार नाही. तिथला क्लब म्हणजे 'फेराइन'. तो नोंदणीकृत असेल, तर स्थापनेला किमान 7 सभासद लागलेले असतात, आणि खेळणारा तिथे गिऱ्हाईक नसून वर्गणीदार सभासद असतो. त्यामुळे कित्येक क्लबांत मैदानाची साफसफाई किंवा सामन्याच्या दिवशी खाद्यपदार्थांचा ठेला सांभाळणे हेही वाट्याला येते. (माझी जर्मन भाषा वर्गापेक्षा त्या ठेल्यावरच अधिक सुधारली.)

भाचा इथे एखाद्या क्लबाकडून संघटनेत नोंदणी करून खेळला असेल, तर तो हौशी असला तरी फिफाच्या नियमांनुसार अधिकृत सामन्यांसाठी आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागते. ते नव्या देशाची संघटना जुन्या देशाच्या संघटनेकडे मागते, म्हणून पूर्वीची नोंदणी लपवू नये.

सभासदत्व सोडताना लेखी सूचना द्यावी लागते, आणि ते बहुधा सहामाही वा वर्षाअखेरीसच संपते. मी हे न वाचता सही केल्याने गाव सोडल्यावरही पाच महिने वर्गणी भरत राहिलो.