एका टीआयसीमधून दोन व्हॉल्व्ह: पी अँड आयडीवर स्प्लिट रेंज (एकच आउटपुट दोन व्हॉल्व्हमध्ये विभागणं) कशी वाचायची?

जॅकेट_२०४: जॅकेटेड रिॲक्टरच्या पी अँड आयडीवर (पाइप आणि इन्स्ट्रुमेंटच्या ड्रॉइंगवर) टीआयसी-२०४ या तापमान कंट्रोलरमधून टीवाय-२०४ए आणि टीवाय-२०४बी (सिग्नल बदलून पुढे देणारे) निघतात. पुढे टीव्ही-२०४ए हा व्हॉल्व्ह स्टीमवर आहे, खाली एफसी (हवा गेली की बंद) लिहिलंय. टीव्ही-२०४बी कूलिंग वॉटरवर, एफओ (हवा गेली की उघडा). प्रत्यक्षात आउटपुट साधारण २५ ते ७५ टक्क्यांत असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंदच राहतात. ड्रॉइंगप्रमाणे काय व्हायला हवं? शिवाय टीएसएचएच-२०५ (अतिउच्च तापमानाचा स्विच) चौकोनातल्या हिऱ्यात का दाखवलाय?

लूपचेक: आधी एफसी-एफओ बघा, निम्मं उत्तर तिथंच आहे. एअर गेली की स्टीम बंद आणि पाणी पूर्ण उघडं, म्हणजे रिॲक्टर थंडीकडे जाणार. म्हणून ० टक्के आउटपुटला पाणी पूर्ण उघडं. ते ५० पर्यंत बंद होत येतं आणि ५० ते १०० मध्ये स्टीम उघडते. तापमान वाढलं की आउटपुट उतरायला हवं, म्हणजे कंट्रोलर रिव्हर्स ॲक्टिंग. दोन्ही व्हॉल्व्ह बंद फक्त ५० च्या आसपास असावेत. २५ ते ७५ मुळीच नाही.

झडपवाला: रेंज दोनदा विभागलीय, दुसरं काही नाही. डीसीएसने (प्लांटच्या संगणकीय कंट्रोल सिस्टिमने) आउटपुट दोन भागांत तोडून प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र पूर्ण ४ ते २० मिलिॲम्पिअर दिले, आणि पोझिशनरही (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारा) पाण्याचा ३ ते ९, स्टीमचा ९ ते १५ पीएसआयला कॅलिब्रेट केला, तर पाणी २५ टक्क्यांनाच बंद होतं आणि स्टीम ७५ ला उघडायला लागते. मधली सगळी जागा मेलेली. असं असताना कंट्रोलरचं ट्यूनिंग चाळत बसू नका.

टीवायचा बबल (ड्रॉइंगवरचं चिन्ह) नीट बघा. चौकोनात गोल असेल तर ते गणित डीसीएसच्या आत होतं, मग पोझिशनर पूर्ण रेंजचे हवेत. नुसता गोल, आत रेष नाही, आणि पुढे दोन तिरप्या रेघा मारलेली न्यूमॅटिक (हवेच्या सिग्नलची) रेषा असेल तर तो फील्डमधला आय-टु-पी (करंटचा हवेच्या दाबात बदल करणारा). कंट्रोलरचा एकच सिग्नल दोन्हींकडे जात असेल तर विभागणी पोझिशनरमध्येच करावी लागते.

जॅकेट_२०४: दोन्ही टीवाय चौकोनातच आहेत.

झडपवाला: मग दोन्ही पोझिशनर ३ ते १५ करा. त्याआधी लूप ड्रॉइंग काढून दोन वेगळे एओ (ॲनालॉग आउटपुट) आहेत याची खात्री करा, कारण पी अँड आयडीवर वायरिंग दिसत नाही. तपासताना स्टीमचा हातव्हॉल्व्ह बंद ठेवा, कंट्रोलर मॅन्युअलला घ्या, ०, २५, ५०, ७५, १०० द्या आणि स्क्रीनवर नाही, स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावर) बघा. २५ ला पाणी अर्धं उघडं, ७५ ला स्टीम अर्धी उघडी दिसायला हवी. ५० च्या दोन्ही बाजूंना एक-दोन टक्के मोकळे ठेवले तर स्टीम आणि पाणी एकाच वेळी जॅकेटमध्ये जात नाहीत.

ट्रिप_२०५: हिऱ्याबद्दल: आयएसए ५.१ (इन्स्ट्रुमेंट चिन्हांचं मानक) च्या १९८४ च्या आवृत्तीत ते चिन्ह पीएलसीसाठी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरसाठी) होतं. २००९ पासून ते सेफ्टी इन्स्ट्रुमेंटेड सिस्टिमसाठीही वापरतात. त्यामुळे तुमच्या ड्रॉइंगचं लेजंड पान (चिन्हांची यादी) बघितल्याशिवाय ठरवू नका. सेफ्टीचा असेल तर २०५ ला स्वतःचा सेन्सर हवा, टीटी-२०४ या कंट्रोलच्या तापमान ट्रान्समीटरचा उसना नाही. टीव्ही-२०४ए च्या पोझिशनर आणि ॲक्च्युएटरमध्ये (हवेवर व्हॉल्व्ह हलवणारा भाग) सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा हवेचा व्हॉल्व्ह) दाखवलाय का तेही पाहा. त्याची वीज काढली की ॲक्च्युएटरची हवा बाहेर गेली पाहिजे आणि पोझिशनर काहीही सांगत असला तरी स्टीम बंद व्हायला हवी.