मदत हवी आहे: जीपला कोणता गिअरबॉक्स बसवू?
राम राम मंडळी. चाळीसगावहून लिहितोय. एमएम ५४० जीप आहे. मूळ २११२ सीसी प्यूजो इंजिन काढून बोलेरोचं २५२३ सीसी टर्बो डिझेल बसवलंय. गिअरबॉक्स मात्र जुनाच, चार गिअरचा. परवा कन्नड घाट चढताना दुसरा गिअर सारखा सुटत होता. शेवटी दांडी हातानं दाबून धरली. आज गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर पितळेचा चुरा, म्हणजे आतले भाग झिजलेत. चूक माझीच, टॉर्क (इंजिनाची फिरवायची ताकद) वाढवला आणि गिअरची पेटी तीच ठेवली.

मिस्त्री म्हणतो, बोलेरोचाच पाच गिअरचा टाक. पण फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) मला सोडायचं नाही! पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी जीपची ट्रान्सफर केस त्याला जुळेल का? तिथून चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, किती कापावा लागेल? जळगाव-धुळ्याकडे कुणी हे काम केलं असेल तर खर्चासकट सांगा. इंजिनबदलाची नोंद आरटीओत झालीय, त्याची काळजी नको.