‘पॉलिॲना’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : सगळ्यांच्या होला हो मिळवणाऱ्या आणि कशातही चांगलेच पाहणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत ‘पॉलिॲना’ म्हणतात, असे वाचले. हा शब्द आला कोठून, आणि तो कौतुकाने वापरतात की हिणवून?

उत्तर १ : एलिनॉर पोर्टर यांच्या १९१३ सालच्या अमेरिकी कादंबरीची ही अनाथ नायिका. बाहुलीची आस लावून बसलेल्या या मुलीच्या घरी मदतीच्या सामानातून कुबड्या येतात, तेव्हा आपल्याला त्यांची गरज नाही यातच आनंद मानावा, असे वडील तिला शिकवतात. आणि प्रत्येक प्रसंगात आनंदाचे कारण शोधण्याचा हा खेळ ती पुढे गावभर पसरवते. विशेषनामाचे सामान्यनाम झाल्यावर मात्र त्यात बहुधा टोमणाच उरला.

उत्तर २ : हा त्या मुलीवर अन्यायच म्हणायचा, कारण अपघातात पाय निकामी झाल्यावर तिलाही तो खेळ जमेनासा होतो. सुखद गोष्टींकडे असलेली मनाची ओढ मॅटलिन आणि स्टँग या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये याच नावाने सविस्तर मांडली.

उत्तर ३ : मराठीत ‘होयबा’ हा पर्याय सुचवू नये. होयबा भीतीपोटी किंवा स्वार्थापोटी मान डोलावतो. पॉलिॲनाला सगळे खरोखरच छान दिसते.