मदत हवी आहे : घरच्या मॉइश्चरायझरमध्ये आठ-दहा दिवसांत रवाळ कण

कोरड्या त्वचेसाठी १०० ग्रॅमचा घाणा असा आहे: डिस्टिल्ड पाणी ७२, ग्लिसरीन ४, बदाम तेल १०, शिया बटर (शियाच्या बियांचं घट्ट तेल) ६, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकत्र धरणारं) ५, सिटाइल अल्कोहोल २, प्रिझर्व्हेटिव्ह (फिनॉक्सीइथेनॉल असलेलं) १. सगळं ग्रॅममध्ये, वजन करूनच. सुगंध नाही, पीएच ५.५.

पाणी आणि तेल वेगवेगळ्या भांड्यांत ७५ अंशांपर्यंत तापवते, एकत्र करून ३ मिनिटं हँड ब्लेंडर, मग थंड होईपर्यंत चमच्याने ढवळणं. प्रिझर्व्हेटिव्ह ४० अंशांखाली.

क्रीम फाटत नाही, पाणी सुटत नाही, वासही ठीक. पण आठ-दहा दिवसांनी बारीक रव्यासारखे कण लागतात. बोटांत चोळले की विरघळतात, म्हणजे शिया हळू गोठताना त्यातलं स्टिअरिक (लवकर गोठणारा घट्ट मेद) वेगळं जमतंय असा माझा अंदाज. पुण्यात सध्या पहाटे चांगलाच गारठा आणि दुपारी ऊन, त्यामुळे बाटली रोज थंड-गरम होते.

भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहिलं, कण उशिरा आले, पण आलेच. शियाऐवजी खोबरेल घातलं तर क्रीम तेलकट वाटतं आणि पोटऱ्यांना संध्याकाळपर्यंत पुरत नाही. नुसतं मेण किंवा कोरफडीचा ताजा गर कृपया सुचवू नका. मेण एकटं पाणी धरून ठेवत नाही आणि ताज्या गराने क्रीम लवकर खराब होतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारायचंय: शिया आधी ७५ अंशांवर २० मिनिटं धरून ठेवल्याने कण कायमचे थांबतात का, की शिया ३ वर आणून उरलेले ३ ग्रॅम कोकम बटर घ्यावं?