मदत हवी आहे: बाबांचा आयएनआर गावात राहून कसा सांभाळायचा?

नमस्कार मंडळी. बाबांना लकवा मारला. हृदयाची झडप आखडलेली, ठोके अनियमित. तिथली गुठळी मेंदूत गेली. रक्त पातळ राहावं म्हणून वॉरफॅरिन सुरू आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २ ते ३ मध्ये हवा. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या अशा झडपेच्या रुग्णाला देत नाहीत, म्हणून तो रस्ता बंद.

गाव घाटंजीकडे. तपासणीला यवतमाळ, अन् नाल्याला पूर आला की एसटीच नाही. मागचा आयएनआर १.४ आला. पावसाळाभर ताटात तरोट्याची भाजी. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन केनं गोळीचा जोर उतरतो. डॉक्टर म्हणतात, भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. आता तरोटा आषाढात बांधावर फुकट अन् उन्हाळ्यात औषधालाही नाही, सारखं ठेवायचं कसं? गुडघ्यासाठी शेजारचे काका दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायचे, रक्तस्रावाच्या भीतीनं ते मी बंद केलं.

बोट टोचून घरीच आयएनआर बघायचं मशीन कोणी वापरतं का? पट्ट्यांचा खर्च परवडतो का? अर्धी गोळी हातानं मोडली की एक तुकडा मोठा, एक चुरा. तुम्ही काय करता? शिवाय बाबांची दाढ काढायची आहे. गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांनाच विचारणार, पण कोणाला अनुभव असेल तर सांगा.